परसातली सावली : एक छोटासा अभ्यास

(तृतीय वर्ष कला, भूगोल विशेष)

आमचे घर कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. घराचे तोंड पूर्वेला आणि परसू पश्चिमेला. परसात आजोबांनी लावलेला गुलमोहर होता. २०२२ सालच्या जुलैत अशी झड लागली की चार दिवस सूर्य दिसला नाही. एका पहाटे मोठा आवाज झाला आणि तो गुलमोहर मुळासकट उन्मळून स्वयंपाकघराच्या पडवीवर आला. कौले फुटली, वासे मोडले आणि आजीची बाज वाशांखाली चेपली. झडीचे पाणी पडवीत येते म्हणून त्या रात्री आजी माजघरात निजली होती. एवढ्यामुळेच ती वाचली.

त्यानंतर परसात दुसरे कोणते झाड लावायचे, हा प्रश्न आमच्या घरात जवळजवळ वर्षभर चालला. त्या निमित्ताने मी जे पाहिले, मोजले आणि वाचले ते येथे मांडत आहे. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. तेव्हा जाणकारांनी उणे-अधिक सांभाळून घ्यावे, ही विनंती.

झाड का पडले?

गावात जो तो म्हणाला, “गुलमोहर पडायचाच. जातच तसली.” हे अर्धे खरे आहे. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याची मुळे जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरतात, लाकूड ठिसूळ असते, आणि मोठ्या वाऱ्यात फांद्या मोडतात. पण उरलेले अर्धे मला खड्ड्यात उतरल्यावर कळले. पश्चिमेच्या बाजूची जाड मुळे एका सरळ रेषेत तुटलेली होती, आणि ती वाऱ्याने तुटलेली नव्हती. तुटलेली टोके जुनी, काळी पडलेली व कुजलेली होती.

ती रेषा मी ओळखली. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, २०२० साली, मजूर मिळत नव्हते. न्हाणीघराचे पाणी शोषखड्ड्याकडे न्यायला वडिलांनी आणि मी मिळून तो चर खणला होता. आड येणारी मुळे वडील कुऱ्हाडीने तोडत होते आणि मी पाटीने बाहेर टाकत होते. पावसाळी वारा आमच्याकडे पश्चिमेकडून येतो. झाडाला वाऱ्याविरुद्ध धरून ठेवणारी मुळे त्याच बाजूची. दोरी कापून तंबू उभा राहावा अशी अपेक्षा आम्ही केली होती.

म्हणून पहिला धडा असा : झाड निवडण्याआधी त्याच्या मुळांची जागा ठरवावी. बुंध्याभोवती जेवढा घेर वर पसरतो, निदान तेवढ्या जागेत चर, पाया, पाण्याची टाकी किंवा फरशी येणार नाही, हे आधी पाहावे. ते जमणार नसेल तर मोठ्या झाडाचा विचार सोडून द्यावा.

सावली कुठे हवी?

२०२३ चा उन्हाळा आम्ही झाडावाचून काढला. दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला हात लावता येत नव्हता, आणि रात्री दहापर्यंत ती भिंत आत ऊब सोडत असे. आजी दर दुपारी बाज घेऊन घराच्या एका बाजूकडून दुसरीकडे फिरत राही. तेव्हा वाटले, भूगोलाचा आपल्याला काही उपयोग होतो का ते पाहावे.

मी अंगणात एक मीटर लांबीची काठी उभी रोवली. आमचे गाव सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावरून जातो : एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास काठीची सावली नाहीशी होते. ही गोष्ट वर्गात अनेकदा ऐकली होती, पण काठीच्या बुडाशी सावली गिळली जाताना पाहणे निराळे.

साडेतीन ते पावणेचारच्या दरम्यान काठीची सावली काठीएवढी, म्हणजे एक मीटर भरली. पाच वाजता ती दुप्पट झाली. दोन्ही वेळा ती जवळजवळ सरळ पूर्वेकडे पडत होती. याचा अर्थ असा की, परसात पश्चिमेला बारा मीटर उंचीचे झाड असेल तर मे महिन्यात दुपारच्या सर्वांत जाचक वेळी त्याची सावली बारा मीटर पूर्वेला, म्हणजे आमच्या तापणाऱ्या भिंतीवर येईल.

हेच झाड घराच्या दक्षिणेला लावले तर काय होईल? मे महिन्यात त्याचा भिंतीला फारसा उपयोग नाही. उलट डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून सुमारे ४९ अंशांवर राहतो. तेव्हा बारा मीटरच्या झाडाची सावली उत्तरेकडे साडेदहा मीटर लांब पडते आणि थंडीतले हवेहवेसे ऊन घरातून जाते. त्यावरून आपल्या भागात घरासाठी सावलीचे मोठे झाड पश्चिमेला असावे, दक्षिण मोकळी ठेवावी, हा दुसरा धडा मी वहीत लिहिला.

येथे एक अडचण उघड दिसते. पश्चिमेकडूनच पावसाळी वारा येतो. म्हणजे सावलीसाठी जी जागा उत्तम, तीच पडझडीच्या दृष्टीने धोक्याची. म्हणून त्या जागी झाड हवे ते खोल मुळाचे, चिवट लाकडाचे आणि घरापासून पुरेशा अंतरावरचे.

सदाहरित म्हणजे काय?

सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. वास्तविक पाने सगळ्याच झाडांची गळतात. पानझडी झाड ती थोड्या दिवसांत एकदम टाकते. सदाहरित झाड वर्षभर थोडीथोडी टाकते आणि नवी धरीत जाते. त्यामुळे सदाहरित झाडाखाली झाडलोट कमी होते, असे नाही. ती रोज थोडी करावी लागते, एवढाच फरक.

झाडाची सावली पत्र्याच्या सावलीहून गार का लागते, हाही प्रश्न येतो. पत्रा स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो. झाडाची पाने मुळांनी ओढलेले पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडीत राहतात. त्यात उष्णता खर्च होते आणि पान पत्र्याइतके तापत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात पाने अंगावर असणे, हीच घरच्या झाडाची खरी परीक्षा.

ही परीक्षा घ्यायची म्हणून मी २०२३ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत दर रविवारी गावातली दहा झाडे पाहून वहीत नोंद ठेवली. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने मराठी वाचकाला झाडाकडे महिन्यामहिन्याने पाहायला शिकवले. माझी वही म्हणजे त्या दृष्टीची अगदी प्राथमिक उजळणी म्हणता येईल.

उमेदवार झाडे

गुलमोहर पुन्हा लावावा, असे आईला वाटे. पण नोंदवहीत तो पहिल्याच फेरीत मागे पडला. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गावचे गुलमोहर जवळजवळ उघडे होते आणि फुलांनी पेटले ते एप्रिल सरता सरता. रस्त्यावरून पाहायला ते सुंदर, पण त्यांच्याखाली बाज टाकणाऱ्याला मार्चचे ऊन सोसावे लागते.

पुण्याच्या काकांनी वर्षावृक्ष सुचवला. तो दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेला. वाढ झपाट्याची आणि छत्री अफाट. रुंद रस्ता झाकायला तो चांगला. पण त्याचा घेर तीस मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि आमचे परसू सारे मिळून अठरा मीटर. शिवाय अलीकडच्या वर्षांत मुंबईत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने पुष्कळ वर्षावृक्ष वाळले.

शेजाऱ्यांनी कुंपणाला लावला तसा उंच अशोक लावा, असेही कोणी म्हणाले. हा सीतेचा अशोक नव्हे. खांबासारखा सरळ वाढणारा आणि फांद्या खाली सोडणारा हा प्रकार हिरवा राहतो खरा, पण त्याची सावली त्याच्याच अंगाभोवती. दुपारी त्याच्याखाली एक माणूस उभा राहील, बसणार नाही.

वड, पिंपळ आणि उंबर या तिघांविषयी आदर बाळगून ते घराजवळ नकोत, असे मी लिहिले. वडाचा विस्तार किती होऊ शकतो हे हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात दिसते. तेथल्या प्रचंड वडाचा मूळ बुंधा बुरशीने किडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावा लागला. तरी पारंब्यांच्या आधारावर ते झाड आजही पसरतच आहे. पिंपळ आणि उंबर भिंतीच्या फटीत रुजले तर भिंत उकलतात. आणखी एक व्यावहारिक कारण असे की, आमच्याकडे या झाडांना कोणी कुऱ्हाड लावीत नाही. जे झाड चुकीच्या जागी आले तरी आपल्या हातून काढले जाणार नाही, ते जागा पाहूनच लावावे.

सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, सदाहरित आणि देखणी. तिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या होत, आणि त्यावरूनच तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ हा शब्द आला. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठात पदवीदान समारंभात तिची पाने देण्याची प्रथा आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या झाडाच्या प्रेमात पडावे असाच हा इतिहास. पण दिवाळीच्या सुमारास ती फुलली की रात्री तिचा वास इतका उग्र होतो की खिडकीजवळ पुष्कळांना तो सोसत नाही. आजीला दम्याची तक्रार आहे. सातवीण बाद झाली.

कडुलिंब वडिलांच्या मनात होता, आणि त्यांचे म्हणणे मला सहज खोडता आले नाही. कमी पाण्यावर तगतो, मुळे खोल जातात, जनावर त्रास देत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने टाकतो, परंतु एप्रिलपर्यंत पुन्हा दाट होतो. करंजाचेही तसेच. मार्चच्या सुमारास थोडे दिवस विरळ आणि लगेच पोपटी पालवी. ज्यांच्याकडे पाऊस कमी आणि जमीन हलकी आहे, त्यांनी ही थोड्या दिवसांची पानगळ पत्करून यांतले एक खुशाल लावावे. आमच्याकडे विहिरीचे पाणी आहे, म्हणून आम्हाला निवडीची चैन करता आली.

शेवटी राहिली तीन झाडे : आंबा, जांभूळ आणि बकुळ. तिन्ही पूर्ण सदाहरित. जानेवारी ते मे या काळात एकाही रविवारी यांतले एकही झाड मी उघडे पाहिले नाही.

रायवळ आंब्यासारखे छत दुसरे नाही. पण त्याला दहा-बारा मीटर मोकळी जागा हवी. शिवाय फळाच्या दिवसांत पोरांचे दगड येणार ते आमच्या कौलांवर. जांभूळ भराभर वाढते, मात्र त्याच्या फांद्या कडकन मोडतात आणि जूनमध्ये खालची जमीन जांभळी व निसरडी होते. म्हातारे माणूस वावरते तेथे ही गोष्ट लहान नाही. ही दोन्ही झाडे शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या मैदानाच्या कडेला शोभतात.

बकुळीची मात्र एकच तक्रार ऐकू आली, ती म्हणजे ती सावकाश वाढते. बाकी सर्व गुण तिच्या बाजूचे. कोकणात जिला ओवळ म्हणतात तीच ही. सह्याद्रीच्या सदाहरित रानात ती आपोआप वाढते आणि देशावर पाणी मिळाले तर चांगली रुजते. पान चकचकीत, कडेला किंचित लाटदार. डोलारा गोल आणि इतका दाट की खाली उन्हाचे कवडसेदेखील क्वचितच उतरतात. लाकूड कठीण व चिवट. फुले बारीक, आणि वाळल्यावरही त्यांचा वास टिकतो. उंची साधारण बारा ते पंधरा मीटर, म्हणजे माझ्या काठीच्या हिशेबाला अगदी जुळणारी.

निवड

वडिलांनी वहीचे शेवटचे पान वाचले आणि एकच प्रश्न विचारला, “हिची सावली पडेस्तवर आई राहील का?”

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते. आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. पुन्हा झपाट्याने वाढणारे झाड लावावे, पाच-सहा वर्षांत तिला सावली मिळावी, असे त्यांच्या मनात आले. मलाही ते पटू लागले. भराभर वाढणारे लाकूड बहुधा पोकळ-ठिसूळ असते, हे पडलेल्या पडवीखाली शिकूनही पटू लागले. आपल्या माणसासाठी माणूस घाई करतो, ती अशी.

आजी बाजेवर बसून वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, “मला मांडवाची सावली बी चालतीया. बांबू रोव, वर पाचट टाक, झालं. आगं, झाड काय माझ्या मापानं लावत्यात व्हय?”

मला त्याच वर्षी वर्गात ऐकलेली एक गोष्ट आठवली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे विवेचन आहे. तेथे आंबा, फणस यांसारख्या रयतेच्या झाडांना हात लावू देऊ नये, असे बजावले आहे. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी बहुत काळ वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. राज्यकारभाराच्या ग्रंथात झाडाची किंमत त्याच्या लाकडावरून नव्हे, तर त्यात गेलेल्या काळावरून केलेली आहे. आजी तेच सांगत होती, असे मला वाटले. सावलीची आजची गरज मांडव भागवतो. झाड लावायचे ते पुढल्या साठ-सत्तर वर्षांच्या हिशेबाने.

तेव्हा आम्ही दोन्ही केले. त्याच आठवड्यात बांबूचा मांडव उभा राहिला, आणि बकुळीसाठी भिंतीपासून साडेसात मीटरवर, शोषखड्ड्याच्या चरापासून दूर, जागा आखली.

लावणी

ज्यांना असे झाड लावायचे आहे त्यांच्यासाठी आम्ही केलेली रीत थोडक्यात देते.

खड्डा मे महिन्यात खणावा : एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. तो पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यावा. आमच्याकडे अर्ध्या मीटरखाली मुरूम लागला, तो पहारीने फोडून काढला. मग गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरले.

रोप घेताना सर्वांत उंच रोपाचा मोह धरू नये. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मुख्य मूळ तळाशी गोल वळते. असे झाड वर चांगले दिसले तरी जमिनीत घट्ट धरत नाही आणि पुढे वादळात पडते. आम्ही गुडघ्याएवढे, सरळ आणि ताज्या पालवीचे रोप आणले. लावताना पिशवी पूर्ण कापून काढली आणि रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच जमिनीत ठेवले.

चांगला पाऊस झाल्यावर, जुलै २०२३ मध्ये, बकूळ लावली. शेळ्यांपासून राखायला भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. त्या वर्षीचा ऑगस्ट फार कोरडा गेला. तेव्हा आळ्यात एक मडके पुरले, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातली, आणि ते दर दोन दिवसांनी भरत राहिलो. पहिले दोन-तीन उन्हाळे हे करावेच लागते. खालच्या फांद्या घाईने छाटू नयेत. त्यांच्यामुळे बुंधा जाड होतो. आणि बुंध्याभोवती सिमेंटचा पार कधीही बांधू नये. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात.

शहरात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानण्यात आले. म्हणजे आज जो कोणी झाड लावील तो आपल्या नातवंडांवर एक जबाबदारी टाकीत असतो. ती जबाबदारी ओझे ठरू नये, यासाठी निवडच विचाराने व्हावी.

समारोप

सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. दारातले झाड निवडताना आपण बहुधा फुलाकडे आणि वाढीच्या वेगाकडे पाहतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत : मुळांना जागा किती आहे? मे महिन्यात दुपारी तीनला सावली कुठे हवी? त्या वेळी झाडावर पाने असतील का? आणि वादळात ते कोणाच्या अंगावर येईल? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाच्या परसात वेगळी येतील. आमची बकूळ आली, तुमचा कडुलिंब येईल. काठी, वही आणि पाच महिने एवढेच भांडवल त्याला लागते.

आज आमची बकूळ माझ्या खांद्याला लागली आहे. परवा सुट्टीत घरी गेले तेव्हा दुपारी साडेतीनला तिची सावली पाहिली. ती सुपाएवढी भरली आणि तीत आमची कोंबडी बसली होती. आजी मांडवाखालून म्हणाली, “बघ, एकीची सोय झाली.”